कागद उघडलेच आहेत, तर पूर्ण पान वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निजामकालीन नोंदींच्या बातम्या २०२३ पासून आपल्या अंकात सारख्या येत आहेत. न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तहसील, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, शाळा, कारागृहं, सगळीकडची गाठोडी सुटली आणि अमुक तालुक्यात इतक्या कुणबी नोंदी सापडल्या असे आकडे छापून येऊ लागले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर तर हैदराबाद गॅझेटियरचं नाव पारावरच्या माणसाच्याही तोंडी बसलं. मराठा आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात मला या पत्रात काहीही म्हणायचं नाही. ते म्हणणारे पुष्कळ आहेत. माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. इतकी पानं उलटली गेली ती 'कुणबी' हा एकच शब्द शोधायला, आणि तो शब्द ज्या पानावर नव्हता ते पान होतं तसं परत गाठोड्यात गेलं. त्या पानांवरही माणसं होती. आमची होती.

मी औसा तालुक्यातली निवृत्त अंगणवाडी सेविका. माहेर किल्लारीच्या बाजूचं, सासर त्याच तालुक्यात. दोन्हीकडे शेती, दोन्ही घरं लिंगायत. नोकरी संपल्यावर मी माहेरच्या घराची वंशावळ लावायला घेतली. भाऊ म्हणाला, "कशाला उकरायलीस जुनं? हिस्सा मागायचाय का?" तहसीलला गेलं की समोरचा विचारायचा, "कुणबी पाहिजे का, बाई?" नको म्हटलं की मग काय पाहिजे ते त्याला उमगायचं नाही. खापरपणजोबा पाहिजेत म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरचाही मान वर करून बघायचा.

घरी कागद का नाहीत, हे औशा-उमरग्याकडच्या वाचकांना सांगावं लागणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले होते तेव्हा, दगड-मातीची माळवदं बसली. हजारो माणसं गेली. माणसं गेली तिथं कागदाचं काय घेऊन बसायचं, म्हणून त्या पेटीचं नाव नंतर कुणी काढलं नाही. हिरव्या पत्र्याची पेटी होती, तिच्यात शेतसारा भरल्याच्या पावत्या, एक-दोन खरेदीखतं आणि वडलांची शाळेची पाटी-पुस्तकं. आज जुन्या गावठाणात वेड्या बाभळी आहेत आणि गाव दुसरीकडे, चौकोनी आखलेल्या रस्त्यांवर आहे. 'मूळ गाव कोणतं' या रकान्यात काय लिहायचं, इथपासून आमची अडचण.

आमच्याकडे हरिद्वार-त्र्यंबकच्या वह्यांचाही आधार नाही. बाकीची घरं अस्थी घेऊन गोदावरीवर जातात, तीर्थोपाध्यायाच्या वहीत त्यांची नावं चढतात. आम्ही माती देतो. मठात काही मिळेल म्हणून जाऊन आले, तिथं गुरुपरंपरा मिळाली, शिष्यांची नव्हे. तेव्हा उरले सरकारी कागद. ज्या घरात सरदार, देशमुख, देशपांडे होऊन गेले त्यांच्या सनदा असतात, बखरीत एखादी ओळ असते. नांगर धरणाऱ्याचं नाव सरकारने लिहून ठेवलं ते सारा वसूल करायचा होता म्हणून.

आता हे कागद कसे शोधायचे, ते थोडं सविस्तर सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नावाने शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. जुन्या नोंदीत आडनाव नसतं. अमका वलद तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, एवढंच. त्यात आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. आमच्या घरात शिवप्पा वलद बसप्पा, त्याचा बसप्पा वलद शिवप्पा, त्याचा पुन्हा शिवप्पा. आणि गावात दुसऱ्या गल्लीतही एक बसप्पा वलद शिवप्पा होताच. म्हणून माग काढायचा तो जमिनीचा. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो. एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे आधी एकत्रीकरणाच्या पत्रकातून आपला गट कोणत्या सर्व्हे नंबरातून आला ते काढायचं. तो नंबर हाताला लागला की मागची वाट बरीच सरळ आहे: १९५४-५५ चं खासरा पत्रक, पाहणी पत्रकं, भूमी अभिलेखकडे शेतवारपत्रक, वसुली बाकी, क्लासर रजिस्टर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यात जमीनमोजणी झाली. साध्या रयतेला साधारण तिथपर्यंत मागे जाता येतं. त्याच्या पलीकडे गावच्या नावाचा आकार, म्हणजे साऱ्याचा आकडा मिळतो, घराचा नाही.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या हललं नाही, पण जिल्हा आमच्या डोक्यावरून फिरत राहिला. नळदुर्ग, मग उस्मानाबाद, १९८२ पासून लातूर. त्यात १८५३ ते १८६० या सात वर्षांत धाराशिव-नळदुर्गचा मुलूख निजामाने इंग्रजांकडे दिलेला होता. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान गेलं, १९५६ च्या नोव्हेंबरात आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी काही दप्तरं गाडीत घालून नेली गेली, काही मागेच राहिली. लातूरच्या कचेरीत 'आमच्याकडे नाही' म्हणाले की माणूस घरी जातो. ते कागद धाराशिवला असू शकतात, छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात असू शकतात, हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात असू शकतात. हे शेतकऱ्याला कोण सांगणार?

आणि कागद सापडला तरी तो वाचायचा कुणी? निजामाच्या कचेरीत आधी फारसी होती, १८८० च्या दशकापासून उर्दू. गावपातळीवर पटवाऱ्याचं लिखाण मोडीत. औशातले एक निवृत्त उर्दू शिक्षक माझ्या मदतीला आले. माझ्या हाताखालून गेलेल्या एका पोराचे ते आजोबा. पहिल्या दिवशी कागद बघून ते म्हणाले, "बेटी, ही उर्दू मी शिकवलेली नाही." कारकुनाने शिकस्ता हातात, म्हणजे घाईच्या मोडक्या अक्षरात लिहिलेलं, आणि नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, जवळजवळ कुठेच दिलेले नाहीत. नुक्ते काढून घेतले की उर्दूत ब, प, त, न, य, सगळ्यांचे नुसते दाते उरतात, आणि स-श चेही दातेच. 'बसप्पा' हे नाव तर फणीसारखं दिसतं. 'शिवप्पा'त मध्ये 'व'चं अक्षर, वाव असतो, त्याच्या गोल डोक्यावरून ते ओळखू यायचं. म्हणून सर आधी शिवप्पा शोधायचे आणि मग त्याच्या पुढचा-मागचा फणीवाला बसप्पा असणार असं धरून सर्व्हे नंबराशी ताडून बघायचे. आकडे आकड्यांसारखे नसायचेच, रकमेच्या खुणा असायच्या, मला त्या कोंबडीच्या पायासारख्या वाटत. सारा हाली, म्हणजे निजामाच्या रुपयात. सात हाली म्हणजे सहा कलदार, इंग्रजी रुपये, हा हिशेब सरांना तोंडपाठ होता, त्यांच्या वडलांकडून आलेला.

सालाचंही सांगून ठेवते, कारण या घोळात लोकांचे दाखले अडकतात. कागदावर १३२८ दिसलं की पोरं मोबाईलवर बघून म्हणतात, बाई, हे तर देवगिरीच्या यादवांनंतर लगेचचं! ते फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कारभारातलं साल आहे. संस्थानात फसली वर्ष आजुर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून धरत. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१.

१३२८ फसली म्हणजे १९१८-१९. मानमोडीचं, म्हणजे इन्फ्लूएंझाच्या साथीचं साल. आमच्या घरात एवढंच ऐकिवात होतं की मानमोडीत दोघे भाऊ एका आठवड्यात गेले आणि पणजीने एका लेकरावर दिवस काढले. त्या सालापर्यंत आमच्या नंबरावर बसप्पा वलद शिवप्पा आहे, आणि पुढे विरासतीत, म्हणजे वारसनोंदीत नाव बदलून 'शिवप्पा नाबालिग', म्हणजे अज्ञान, आणि खाली 'बेवा बसप्पा'. बसप्पाची विधवा. तिचं नाव नाही. धाकट्या भावाचं तर कधीच नव्हतं. आजच्या सातबाऱ्यावर जसं ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर लिहून थोरल्याच्या पाठीमागे सगळं एकत्र कुटुंब दडवतात तसंच तेव्हाही होतं. तो जगला कधी, मेला कधी, कागदाला पत्ता नाही. घरात त्याला 'गेलेला काका' म्हणत. आता म्हणणारेही राहिले नाहीत.

या पणजीला माझे वडील 'थोरली माय' म्हणत. तिच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीबद्दल ते जेवताना दर दोन दिवसांनी बोलत. पण तिचं नाव काय, हे मी विचारलं तेव्हा त्यांनाही सांगता आलं नव्हतं. थोरली माय म्हणजे थोरली माय.

ते नाव मला मिळालं ते १९५१ च्या नागरिकांच्या राष्ट्रीय रजिस्टरात. हे रजिस्टर त्या सालच्या जनगणनेच्या वेळी गावोगाव घरवार तयार झालं होतं. शिंदे समितीने तपासायच्या कागदांच्या यादीत त्याचं नाव होतं, म्हणून तर ते गाठोडं इतक्या वर्षांनी सुटलं, एरवी सुटलं नसतं. ते श्रेय मी मोहिमेला देतेच. पिवळ्या कागदावर निळ्या शाईचं लिखाण, कडा वाळवीने खाल्लेल्या. घरप्रमुख माझे आजोबा, वय ३६. खाली 'आई नागरबाई, वय ५५'. मी तो रकाना सरांनाही वाचायला लावला, पुन्हा स्वतः वाचला. तीन पिढ्यांच्या कागदात तिचं नाव तिथं एकदाच आहे, कारण त्या रजिस्टरला सारा वसूल करायचा नव्हता, माणसं मोजायची होती.

त्याच घराखाली माझे वडील, वय १३. आणि त्यांच्याखाली एक मुलगी, वय ४. ही कोण, हे मला ठाऊक नव्हतं. वडलांनी कधी तिचं नाव काढलं नाही. माझी एक चुलत आत्या उदगीरकडे आहे, ऐंशीच्या पुढची. तिला फोन लावला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "व्हती की. गोवरात गेली. तुझ्या बापाच्या कडेवरच असायची." बस्स, इतकंच बोलली आणि मग सोयाबीनच्या भावाचं विचारू लागली. मुलीचं नाव मी इथं छापायला देत नाही. ते घरचं आहे.

संपादक महोदय, ज्या पानावर हे सगळं होतं त्या पानावर मोहिमेतल्या कुणीतरी पेन्सिलीने फुली मारलेली होती. म्हणजे तपासलं, काही सापडलं नाही.

नोकरीत मी आयुष्यभर रजिस्टरं लिहिली. आमचं कुटुंब पाहणीचं रजिस्टर असायचं: घरात कोण, वय किती, पोटुशी बाई किती महिन्यांची, लेकरू किती किलोचं, कोण कुठून नांदायला आली, ऊसतोडीला कोण गेलं. गावात जन्मलेली एकही मुलगी आमच्या वहीतून सुटत नसे. भरलेली रजिस्टरं काही वर्षं कपाटात राहायची, कपाट भरलं की रद्दीत. तेव्हा वाईट वाटलं नाही, आता वाटतं. कारण वंशावळीच्या कागदात मुलींचं काय होतं ते मी स्वतःवरून सांगू शकते. जात पडताळणीला लागते ती बापाकडची वंशावळ. स्टॅम्पपेपरवरच्या प्रतिज्ञापत्रात बाप, आजा, पणजा असा खांब उभा करतात. लेकी त्यात कुठं बसणार? महाराष्ट्रात १९९४ पासून लेकीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क आहे, देशभर २००५ पासून. आमचे वडील १९९८ ला वारले. मी आणि बहिणीने हक्कसोड करून दिलं, जसं बहुतेक जणी देतात. राग नाही, भाऊ चांगला आहे, दिवाळीला साडी येते. पण माहेरच्या जमिनीच्या सगळ्या कागदांत माझं नाव एकाच फेरफारात आहे, आणि तो फेरफार माझं नाव कमी केल्याचा आहे. उद्या माझी पणती मला शोधायला निघाली तर तिला तेवढंच सापडेल.

म्हणून शासनाला माझं म्हणणं साधं आहे. स्कॅनिंग झालंच आहे, माणसं बसवून पानं उलटलीच आहेत, तर त्या पानांवरची सगळी नावं गाववार उतरवून काढा. फक्त हव्या त्या शब्दाच्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या आहेत. तशीच पूर्ण गावाची यादी टाका: सर्व्हे नंबर, खातेदार, बाप किंवा नवरा, साल. भूमी अभिलेखचं 'आपले अभिलेख' आहे, चांगलं आहे, थोडे पैसे भरले की जुना फेरफार घरबसल्या मिळतो. पण तिथं नंबर ठाऊक असलेल्याचंच काम होतं. ज्याची जमीन सावकाराकडे गेली, जो कुळ म्हणून कसत होता, जो गावकुसाबाहेर राहून दुसऱ्याच्या रानात राबला, त्याच्याकडे कुठला नंबर? १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याच्या कुळ नोंदवह्या आहेत, त्यात या लोकांची नावं आहेत. त्यांच्या नातवंडांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

सरसकट सगळं उघडा, असंही मी म्हणत नाही. तपासायच्या यादीत पोलीस ठाण्यांची गाववारी आणि गोपनीय रजिस्टरं होती. त्या काळी अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवून हजेरी लावायला लावत. ते लिहिणाऱ्याचं पाप आहे, त्याचा डाग आजच्या पोराच्या माथी नको. तसले कागद अभ्यासकापुरते ठेवावेत. १९५१ चं रजिस्टरही त्या-त्या घरच्या माणसालाच दाखवावं, चावडीवर लावू नये.

वाचणाऱ्यांचा प्रश्न मात्र तातडीचा आहे. मोहिमेत मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा तुटवडा सगळ्यांनी पाहिला. त्या तुटवड्यावर दलाल जगतात. 'वंशावळ काढून देतो' म्हणून तहसीलच्या आवारात चहाच्या टपरीवर बसलेले असतात, गरजवंताकडून हजारो रुपये घेतात, आणि कागदावर काय लिहिलंय ते त्यांनाही वाचता येत नाही. इकडे औशात, उदगीरला, बीडला, परभणीला उर्दू माध्यमात शिकलेली पोरं-पोरी पदवी घेऊन घरी आहेत. त्यांना उर्दू येते, फक्त जुना कारकुनी हात, रकमा आणि फसली तारखा शिकायच्या आहेत. सरांनी आपल्या नातीला हे शिकवायला सुरुवात केली आहे, तिने मागच्या उन्हाळ्यात माझी तीन पानं वाचून दिली. संभाजीनगर आणि नांदेड, दोन्ही विद्यापीठांनी मोडी आणि जुन्या उर्दूचे वर्ग तालुक्याच्या महाविद्यालयांत काढावेत आणि शिकलेल्यांना पानामागे मोबदला द्यावा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा आजा-पणजा या पोरींच्या हातून सापडणार आहे, हे दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकदा शांतपणे लक्षात घ्यावं.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. लातूर-धाराशिवची जी बावन्न गावं भूकंपात पडली, तिथून. त्या घरांतल्या पेट्या मातीखाली गेल्या, त्यामुळे तिथल्या माणसाकडे कचेरीतल्या कागदाशिवाय दुसरं काहीच नाही. आणि तिथली म्हातारी माणसं, जी 'व्हती की' म्हणून सांगू शकतात, ती आता फार थोडी आहेत. माझी आत्या धरून.

आपल्या अंकात जागा मिळाली तर आभारी राहीन. १९५१ च्या त्या रजिस्टरात आमच्या घराच्या खालचं घर माझ्या ओळखीचं नाही. आमच्या जुन्या गल्लीतलं, घरप्रमुख बाई, तीन लेकरं. कुणाला आपलं वाटत असेल तर संपादकांकडे गावाचं नाव कळवावं. मी पान क्रमांक लिहून ठेवला आहे.

आपली,
एक वाचक
ता. औसा, जि. लातूर